जावयांचे ट्रॅक्टर

गिरगावच्या फणसवाडीतल्या मनमोहनरावांना ट्रॅक्टर हवा होता, तो काही शेतीच्या हौसेने नव्हे. पनवेलकडची त्यांची पिढीजात जमीन कूळकायद्याने बुधाजी या कुळाकडे जायच्या बेतात होती. मालक स्वतः कसणार असेल तर थोडी वाचेल, असं वकिलांनी सांगितलं होतं. मनमोहनरावांनी आजवर कुंडीत तुळससुद्धा स्वतः लावली नव्हती. तेव्हा निदान ट्रॅक्टर तरी दिसायला हवा होता.

दुर्दैवाने त्यांचे दोन्ही जावई ट्रॅक्टरच्याच धंद्यात होते. रमाकांत जर्मन हर्मानचे एजंट, अच्युत विलायती वेलबोर्नचे. दोघांनी आपापलं यंत्र सासऱ्यांना दाखवायला आणलं. मैदानावर नेणार, तोच संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ पडला, रस्ते बंद झाले आणि दोन्ही धुडं वाडीतच अडकली.

"मामा, एकच सिलिंडर! बिघडायला आत काही नाहीच," रमाकांत म्हणाले. "रॉकेल पाजा, जळकं तेल पाजा, तक्रार नाही."

"आणि सुरू करायला तासभर ब्लोलँपने त्याचं थोबाड भाजत बसा," अच्युत म्हणाले. "आमचा झटक्यात सुरू होतो. वजनाला हलका."

"हलका म्हणूनच ओढताना घोड्यासारखा पुढून उठतो!"

"भांडू नका. चालवून दाखवा," मनमोहनराव म्हणाले.

रमाकांतनी हर्मान भाजला, चाक फिरवून सुरू केला, वर चढून पुढचा गियर टाकला. पण हर्मानला एक खोड होती, जी ते गिऱ्हाइकाला कधी सांगत नसत. त्याचं इंजीन अधूनमधून उलटंच फिरू लागे. मग पुढचा गियर टाकला की गाडी मागे जाई. मागे मनमोहनराव उभे होते.

त्यांचा पाय चाक आणि विहिरीचा कठडा यांच्यामध्ये सापडला.

"मामा, हलू नका! मी ओढतो!" म्हणत अच्युतनी वेलबोर्नला साखळी बांधली. हर्मान जरा पुढे सरकला. तेवढ्यात वेलबोर्नची पुढची चाकं वर उठली, साखळी तुटली आणि हर्मान पुन्हा त्याच पायावर आला. शेवटी वाडीतल्या माणसांनीच तो ढकलून काढला.

फोर्टात गोळीबार चालू होता. अँब्युलन्स मिळेना. मनमोहनरावांना हातगाडीवर घातलं, तर नाक्यावर पोलिसांनी अडवलं.

"मोर्चात होता काय?"

"नाही हो. ट्रॅक्टरखाली आले," रमाकांत म्हणाले.

"गिरगावात? ट्रॅक्टर?" हवालदाराने सगळ्यांना चौकीत बसवलं. खरं-खोटं होऊन इस्पितळात पोचेस्तोवर पाय वाचवण्याची वेळ टळली होती. गुडघ्याखाली कापावा लागला.

"तुमच्या हर्मानने घात केला," अच्युत खाटेपाशी पुटपुटले.

"हर्मानने नुसतं दाबलं. हाड मोडलं ते तुमच्या वेलबोर्नमुळे."

मनमोहनराव भिंतीकडे तोंड करून निजले होते. कुणाकडे बघत नव्हते.

आठवड्याने चिंतामणी वकील आले. घसा खाकरून म्हणाले, "वाईट झालं. पण... मालक अपंग असेल तर कुळाचा हक्क लांबणीवर पडतो. अर्ज करू. हयात आहात तोवर जमीन बहुतेक तुमचीच. ट्रॅक्टरही नको."

रमाकांत पुढे सरकले.

"मामा, तसं पाहिलं तर पाय हर्माननेच घेतला हो."

"छे! नुसता खरचटला होता," अच्युत म्हणाले. "काम पुरं केलं ते वेलबोर्नने!"

उशाशी बसलेल्या कालिंदीबाई उठल्या. दोन्ही जावयांकडे एकवार पाहून त्यांनी चादर ओढली आणि नवऱ्याचा उरलेला पाय नीट झाकून घेतला.