दगाआबांच्या माहेरवाशिणी

आमचे शेजारी दगाआबा दर दिवाळीला बदकांवरून भाकरतुकडा ओवाळून टाकत. लेक सासरहून आली की दारात टाकतात, तसाच. थंडीची पाखरं गावतळ्यात उतरली, की आबा धोतर वर खोचून चिखलात शिरायचे. पाखरं भुर्रकन पलीकडच्या काठाला. आबा वळसा घालून तिथेही हजर. अख्खं गाव बांधावर उभं राहून हसायचं. आबांना त्याचं काही नव्हतं. "त्यासनं सासर दूर शे," म्हणायचे. "थकीसन येल शेतस." म्हणजे, थकून आल्या आहेत.

एकदा शिकारीला आलेल्या साहेबापुढे त्यांनी फुटकी परात बडवली. बदकं उडाली, साहेबाचा घोडाही उधळला. साहेब खवळला, तर आबा त्याच्यावरच ओरडले, "माहेर शे ते!" साहेबाला मराठीच येत नव्हती, हे आबांचं नशीब.

मग लढाईचे दिवस आले, धान्याची टंचाई झाली. पाटलांनी ठरवलं, बांध फोडायचा, तळं रिकामं करायचं आणि गाळात हरभरा पेरायचा. ऐन दिवाळीत माणसं कुदळी घेऊन पाटलांमागे निघाली, तर बांधावर आबांची खाट! नेमकी फोडायच्या जागी. वर आबा, मांडीवर काठी.

"आबा, ऊठ. सरकारना हुकूम शे."

"सरकारले सांग, अंडेरी माहेरले येल शेतस. मी उठाव नई."

अंडेर म्हणजे आमच्याकडे लेक. पाटलांचा तोल सुटला. "तुनी सोतानी अंडेर तं लगीन व्हयनं तवयपशी एकदाव उनी नई!"

खोटं नव्हतं ते. लग्न झाल्यापासून लेक एकदाही माहेरी आली नव्हती. लग्नात मानपानावरून आबा व्याह्यांशी भांडले, ते भांडण कधी मिटलंच नाही. दर दिवाळीला आबा लेकीला आणायला मुराळी धाडत आणि तो पिंपळनेरहून एकटाच परत येई.

आबा जागचे हलले नाहीत. "म्हनीसनच," ते म्हणाले. "ज्या येतस, त्यासनं माहेर तरी ऱ्हाऊ द्या."

पाटलांच्या घरी तेव्हा दोन लेकी दिवाळीला आल्या होत्या. ते मागे वळले, कुदळीही मागोमाग गेल्या. मला आबांचा फार अभिमान वाटला.

खाट मात्र थंडीभर बांधावरच राहिली. एकदा मी चेष्टेनं म्हटलं, "आबा, राखण पाखरांची आणि पाठही पाखरांकडेच?"

आबांचं तोंड पिंपळनेरच्या रस्त्याकडे होतं.

"तिकडे काय देखानं?" ते म्हणाले. "त्या तं येल शेतस."