अप्रकाशित असल्याचा दाखला

साहित्य हा मानवजातीचा श्वास आहे, असे कथास्पर्धेच्या माहितीपत्रकावर ठळक अक्षरांत छापले होते. त्याखाली बारीक अक्षरांत, अर्ज तीन प्रतींत भरावा आणि पेन स्वतःचे आणावे, असे होते.

आवक-जावक विभागातल्या कारकुनाने दोन्ही वाक्ये सारख्याच भक्तिभावाने वाचली. स्पर्धा चाळिशीच्या आतल्या नवोदितांसाठी होती आणि त्याला चाळीस पुरी व्हायला अकरा आठवडे उरले होते. त्यानंतर तो नवोदित राहणार नव्हता, आणि लेखक तर अजून झालाच नव्हता.

स्पर्धेच्या खिडकीवरच्या बाईंनी अर्ज उलटसुलट करून पाहिला.

"कथा अप्रकाशित असल्याचा दाखला कुठंय?"

"कुठेच छापून आली नाही हो, बाई. त्याचा दाखला कोण देणार?"

"ज्यांनी छापली नाही ते."

उत्तर बिनतोड होते. सोळा वर्षे तोही आपल्या खिडकीतून लोकांना अशीच उत्तरे देत आला होता. त्यामुळे राग येण्याऐवजी त्याला आदरच वाटला.

तो शहरातल्या सर्वांत जुन्या मासिकाच्या संपादकांकडे गेला.

"दाखला देऊ की," संपादक म्हणाले. "पण आधी कथा नाकारायला हवी. आणि नाकारायची तर ती आमच्याकडे यायला हवी."

त्याने कथा टेबलावर ठेवली. त्याच्या आधीच्या अकरा कथा याच टेबलावरून चार-चार दिवसांत परतल्या होत्या. एक तर पाकीट न फोडताच.

"साहेब, जरा लवकर नाकारलीत तर फार उपकार होतील."

संपादकांनी चष्मा काढला. तीस वर्षांत असे कोणी म्हणाले नव्हते.

"का हो? दुसरीकडे कुठे मोठ्या ठिकाणी शब्द दिलाय वाटतं?"

"छे हो! अगदी सामान्य कथा आहे. तुमच्या गळ्याची शपथ."

लेखक स्वतःच्याच कथेला सामान्य म्हणतो आहे म्हटल्यावर संपादकांचा संशय बळावला. पुढच्याच अंकात पान नऊवर कथा छापून आली.

ज्या क्षणासाठी त्याने इतकी वर्षे कागद काळे केले, तो क्षण हातात धरून तो रडवेल्या चेहऱ्याने खिडकीशी उभा राहिला. बाईंना दया आली. त्यांनी नियमावली काढली. नियम सतरा : छापलेली कथा कोणी वाचलीच नसल्यास ती अप्रकाशित धरण्यास हरकत नसावी, मात्र ओळखीच्या पन्नास सुशिक्षित व्यक्तींनी तसे सहीनिशी लिहून द्यावे.

आता त्याला धडकी भरली. अंक हाती पडल्या दिवशी आनंदाच्या भरात त्याने तो घरोघर, टेबलोटेबली वाटला होता.

धडकी व्यर्थ ठरली. कचेरीतल्या साहेबांनी अर्जाकडे न बघता सही केली. मेव्हणा म्हणाला, "मला वाटलं, तुझा फोटो आलाय. तो नव्हता, मग ठेवून दिला." महाविद्यालयात साहित्य शिकवणाऱ्या काकांनी तर नावाखाली पदवीसुद्धा लिहिली. खुद्द संपादकांनीही सही ठोकली. "छापायची म्हणजे वाचलीच पाहिजे, असं थोडंच आहे!" एका दुपारीत एकोणपन्नास झाल्या.

पन्नासावी त्याने बायकोची धरली होती. घरचीच.

"मी नाही करणार," ती म्हणाली. "मी वाचलीय."

"चेष्टा नको. उद्या शेवटची तारीख आहे."

"दोनदा वाचली. पहिल्यांदा रडले. दुसऱ्यांदा वाटलं, शेवट उगाच ताणलास."

तो मटकन खुर्चीत बसला. अर्ज गुडघ्यावरून घसरून खाली पडला.

"कुठे रडलीस?"

"दहाव्या पानावर. पत्राच्या तिथे."

"आणि ताणलाय कुठे?"

तो विचारत राहिला, ती सांगत राहिली. चहा दोनदा निवला. अर्ज बराच वेळ जमिनीवरच होता.

पण कारकूनच तो. रिकामा रकाना त्याला बघवत नाही. तेव्हा, वाचकहो, पन्नासावी सही आपण करावी. आता आपणही ओळखीचेच. इथवर आपण सारे मन लावून वाचलेत : दाखला, नियम, सह्या. ती कथा कशावर होती, हे मात्र आपल्याला एकदाही विचारावेसे वाटले नाही. त्यामुळे सही खोटी ठरण्याची भीती नाही.

इथे, या रेषेवर. आणि पेन तेवढे परत करावे. ते त्याचे स्वतःचे आहे.