रज्जाकभाईंची दहावी

ब्रेक लागत नाही म्हणून मी गाडी घेऊन रज्जाकभाईंच्या गॅरेजात गेले, तर गाडीकडे बघायच्या आधी त्यांनी मलाच विचारलं, “मॅडम, घर्षणाची नोंद वाचली का तुमी?”

मी आर्णीच्या शाळेत सोळा वर्षं गणित शिकवते, अडीनडीला विज्ञानही. घर्षण इतक्या वेळा शिकवलंय की झोपेतून उठवलं तरी सांगेन. तसं मी म्हटलंही. रज्जाकभाईंनी हात पुसले, मान हलवली, “शिकवणं अलग, नोंद अलग” असं म्हणून खिशातून काच तडकलेला मोबाइल काढला. पुढची वीस मिनिटं मी ऑइलच्या डब्यावर बसून घर्षणाची नोंद ऐकली. ब्रेक पाच मिनिटांत झाला.

नोंद म्हणजे मोबाइलवरच्या ज्ञानकोशातली नोंद. हा ज्ञानकोश त्यांना सापडला तो एका जुन्या गाडीच्या कार्ब्युरेटरमुळे. गाडी काही केल्या चालू होईना, म्हणून त्यांनी मोबाइलला विचारलं, आणि कार्ब्युरेटरच्या आडून अख्खं जग बाहेर आलं. नोंदीत काही शब्द निळे असतात, त्यावर बोट ठेवलं की दुसरी नोंद उघडते, हे कळलं आणि माणूस हातचा गेला. कार्ब्युरेटरवरून पेट्रोल, पेट्रोलवरून अरबस्तान, अरबस्तानवरून उंट. संध्याकाळी गाडीवाला आला तेव्हा गाडी तशीच उघडी पडली होती आणि रज्जाकभाई त्याला समजावत होते की उंटाच्या कुबडात पाणी नसतेच मुळी, चरबी असते.

तेव्हापासून त्यांच्या तोंडी दोन वाक्यं बसली. कामाला उशीर झाला की “निळ्या शब्दानं नेलं ना!” आणि कोणी काहीही सांगितलं की “संदर्भ?” नोंदीखाली संदर्भ देतात, मग माणसानं बोलताना का देऊ नयेत, असा त्यांचा सवाल. गाडी ॲव्हरेज देत नाही म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला संदर्भ मागितला. त्यांच्या पत्नी रुकय्याभाभी म्हणाल्या की दूध नासलंय, तर त्यांनाही मागितला. भाभींनी पातेलं सरळ त्यांच्या नाकाखाली धरलं. “ये लो संदर्भ.” वर मला म्हणाल्या, “इनको नोंद का बुखार चढा है बाई. उतरताच नाई.”

आमची घरं समोरासमोर, त्यांचं गॅरेज घरालाच लागून, त्यामुळे हा बुखार मी रोजच बघत होते आणि रोजच हसत होते.

भाईंचा मुलगा अस्लम पुण्याला एका कंपनीत. सून नाजनीन इथंच सासू-सासऱ्यांजवळ. नववीनंतर तिची शाळा सुटली, काही वर्षांनी लग्न झालं. खालमानेची, मोजकं बोलणारी पोरगी. एकदा नळावर पाणी भरताना तिनं मला हळूच विचारलं, “मॅडम, दहावी झाली असती तर पुढं नर्सिंगचं जमलं असतं ना?” मी म्हटलं, असती कशाला, आताही होते. सतरा नंबरचा फॉर्म भर आणि बाहेरून बस. तिचा चेहरा आधी उजळला आणि लगेच पडला. “त्या लहान लहान पोरीइमंधी? लोक हासतीन मॅडम. मी एकटी नाई बसत.” घागर उचलून ती आत गेली. विषय संपला, असं मला वाटलं.

रज्जाकभाई समोरच एका गाडीखाली आडवे होते. गाडीखालूनच आवाज आला. “बेटा, मैं भी बैठता तेरे साथ. देखते कौन हसता.”

ही बातमी गावभर व्हायला एक दुपार पुरली. अठ्ठावन्न वर्षांचा, पांढऱ्या दाढीचा मेकॅनिक दहावीला बसतोय! चहाच्या टपरीवर त्यांचं नाव ‘बालवाडी’ पडलं. गिऱ्हाइकं विचारायची, “भाई, डबा आणला का?” भाई म्हणायचे, “आणला ना. चित्रकलेची वही बी आणली.” नाजनीनबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढला नाही. हसायला भाई असताना तिच्याकडे कोण बघतो? पण हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

एका दिवशी सासरा आणि सून दोघं रिक्षात बसून गावाच्या दुसऱ्या टोकाच्या शाळेत गेली. आल्यावर भाईंनी रस्त्यातूनच मला सांगितलं, “भरले मॅडम फॉर्म. एकदम ओके.” आणि दुसऱ्या दिवसापासून गॅरेजच्या मागच्या पडवीत त्यांची शाळा भरू लागली.

त्यांचं म्हणणं असं की इतके विषय, इतकी पुस्तकं कायले? एक नोंद धरा, सगळे विषय त्यातच रायते. त्यांनी पहिली नोंद धरली ती कापसाची. काळी जमीन आली, झाला भूगोल. धाग्यात काय असतं, झालं विज्ञान. गोऱ्या साहेबाला आपला कापूस कायले पायजे होता, झाला इतिहास. एका गठाणीत किती क्विंटल, ते झालं गणित. मग तीच नोंद ते हिंदीत उघडत आणि तीच इंग्रजीत. कापूस तर रोजचा पाहण्यातला, मग इंग्रजीत लिहिला म्हणून काय तो कापूस राहत नाही? असं करत करत नाजनीनला इंग्रजी वाक्यं लागू लागली, हे मला मान्य करावं लागलं. भाईंना मात्र त्यात वेगळाच राग आला. इंग्रजी नोंद हातभर आणि मराठी बोटभर. “मराठीवाला कामचोरी करून राह्यला मॅडम,” ते मला असं म्हणाले, जसं काही ती नोंद मीच लिहिली होती.

दिवाळीच्या सुट्टीत मी दोघांना एक सराव पेपर दिला आणि तपासायला घेतल्यावर कपाळाला हात लावला.

पर्यटनाचे दोन फायदे, दोन गुण. भाईंनी चार पानं लिहिली होती. सुरुवात “पर्यटन म्हणजे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी केलेला प्रवास होय” अशी, मधे इतिहास, प्रकार, टीका असे मथळे आणि शेवटी ‘हेही पाहा: घोडा, तंबू, पासपोर्ट’. फायदे कुठेच नव्हते. हे एक वेळ चाललं असतं. पण नाजनीनचा पेपर बघून माझं डोकंच फिरलं. नळाला पाणी येत नाही म्हणून नगर परिषदेला अर्ज लिहायचा होता. तिनं लिहिलं होतं, “माननीय महोदय, पाणी हे हायड्रोजन व ऑक्सिजन यांचे संयुग असून ते रंगहीन व गंधहीन असते.” पुढं पाण्याच्या तीन अवस्था होत्या, समुद्र होते, हिमनद्या होत्या. नळ शेवटपर्यंत आला नाही.

मी पेपर घेऊन तरातरा गॅरेजात गेले. नाजनीन आत होती, म्हणून आवाज दाबूनच, पण बोलायचं ते सगळं बोलले. “भाई, तुमच्या नोंदींपायी ही पोरगी नापास होईल. आणि एकदा नापास झाली तर पुन्हा उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायची नाही. तुमचं काय, तुम्हाला हौस आहे. तिची एकच संधी आहे.”

मला वाटलं, आता संदर्भ विचारतील. पण ते हातातला पाना उगाच फडक्यानं पुसत राहिले. मग म्हणाले, “बरोबर हाय मॅडम तुमचं.”

दुसऱ्या दिवशी बाजारातून सगळी पाठ्यपुस्तकं आली, त्यांना वर्तमानपत्राची कव्हरं चढली. भाईंनी वेळापत्रक भिंतीला चिकटवलं. रोज धडा, रोज स्वाध्याय, आणि नोंद फक्त जुम्म्याला, नमाजनंतर. आठवड्याचं गोडधोड असावं तशी दोघं त्या एका नोंदीची वाट बघत. मीही रोज संध्याकाळी तासभर गणित घ्यायला जाऊ लागले. भाईंचं गणित कच्चं होतं. अपूर्णांकात ते असे अडखळत की मला नवल वाटे. पण मी रागावले की दोन्ही कान धरत आणि तेच उदाहरण पुन्हा मांडत. नाजनीनला हसू येई. माझ्यासमोर ती मोकळी हसू लागली ती त्याच दिवसांत.

मार्चमध्ये परीक्षा सुरू झाली. केंद्र आमचीच शाळा आणि माझी पर्यवेक्षणाची ड्यूटी. पहिल्या दिवशी सकाळी भाई पांढरा पायजमा, नवा सदरा, खिशाला दोन पेनं अशा थाटात आले. नाजनीनला तिच्या हॉलच्या दारापर्यंत सोडलं, “मेरा हॉल उधर है, उस बिल्डिंग में” असं म्हणून वळले. मी माझ्या वर्गात गेले.

शेवटच्या पेपरला कुठे मला मधे दहा मिनिटं सुटका मिळाली. म्हटलं, बघू तरी आमचा विद्यार्थी कसा लिहितोय. फळ्यावरच्या सगळ्या याद्या पाहिल्या. त्यात त्यांचं नाव नव्हतं. ऑफिसात विचारलं, तिथंही नव्हतं. पाणी प्यायला गच्चीच्या जिन्यापर्यंत गेले आणि सहज फाटकाकडे बघितलं. रस्त्यापलीकडे कडुलिंबाखाली, एका बंद टपरीच्या फळीवर रज्जाकभाई बसले होते. पाठ ताठ, दोन्ही हात मांडीवर, पायाशी पाण्याची बाटली. डोळे शाळेच्या इमारतीवर.

त्या दिवशी दुपारी मी गॅरेजात गेले. भाईंनी माझ्या चेहऱ्यावरूनच ओळखलं.

“फॉर्मले कमीत कमी पाचवी पास लागते म्हणे,” ते म्हणाले. “माही चौथीच झाली मॅडम. अब्बा गेले अन् मी पाना हातात घेतला. त्या बाबूनं माहा फॉर्म तिथंच परत केला. ती बाहेर रिक्षात बसून होती. मी म्हटलं, झाले दोघांचे.”

“म्हणजे वर्षभर तुम्ही...”

“खरं सांगतलं असतं तं बसली असती का ती?”

याच माणसाला मी ‘तुम्हाला हौस आहे’ म्हणाले होते. मला स्वतःची लाज वाटली, आणि ती मी त्यांना बोलून दाखवली. त्यांनी हातानंच उडवून लावली आणि कोपऱ्यातल्या खोक्यातून कागदांचा गठ्ठा काढला. नाजनीन घरी आली की, तू कोणते प्रश्न सोडवले बघू, असं म्हणून ते तिच्याकडून प्रश्नपत्रिका मागून घेत. मग गॅरेजचं अर्धं शटर ओढून, घड्याळ समोर ठेवून ठरल्या वेळात तोच पेपर सोडवत. समास पाडलेला, प्रश्न क्रमांक घातलेला, वर जिथं बैठक क्रमांक लिहायचा ती जागा कोरी.

“ती रोज विचारते, अब्बा, पेपर कैसा गया? तिले खोटं सांगाचं तं निदान पेपर तरी सोडवला पायजे ना. तपासून द्याल का मॅडम?”

मी सगळे पेपर तपासले. कुठेही हात सैल सोडला नाही, उलट नेहमीपेक्षा जरा कडकच. इंग्रजीत काठावर, गणितात काठाच्या थोडं वर, सामाजिक शास्त्रांत चक्क चांगले. पर्यटनाचे फायदे या खेपेला दोनच लिहिले होते. माझ्या तपासणीनं रज्जाकभाई सगळ्या विषयांत पास होते.

निकालाच्या दिवशी दुपारी त्यांच्या घरी सगळ्यांचे डोळे नाजनीनच्या मोबाइलवर होते. तिचा निकाल उघडला. पास. फर्स्ट क्लास थोडक्यात हुकला, पण पास. भाभींनी तिच्या डोक्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. अस्लमचा पुण्याहून फोन आला. भाई नुसते “वा बेटा, वा बेटा” करत खोलीभर फिरत होते. तेवढ्यात नाजनीन म्हणाली, “अब्बा, आपका नंबर बताओ ना.”

“मैंने देख लिया बेटा, गॅरेज में ही,” भाई म्हणाले. “रह गया मैं. इंग्लिश में उड गया.”

माझ्या पिशवीत त्यांचा इंग्रजीचा पेपर होता, वर लाल पेनानं माझी सही असलेला. मी पिशवी घट्ट धरून बसले.

नाजनीनचा हसरा चेहरा एकदम उतरला. स्वतः पास झाल्यावर जी रडली नाही ती पोरगी आता घळाघळा रडू लागली. मग ओढणीनं डोळे पुसून तिनं मान वर केली. एवढ्या मोठ्या आवाजात बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. “कोई बात नहीं अब्बा. जुलै में फिर बैठना. मैं पढाऊंगी आपको. रोज पढाऊंगी. फॉर्म भी मैं ही भरूंगी इस बार.”

भाईंनी मान डोलावली. खाली बघतच डोलावली.

मी निघाले तसे ते माझ्यामागं फाटकापर्यंत आले. आत नाजनीन भाभींना सांगत होती की अब्बांची इंग्रजी कुठं कच्ची आहे आणि ती कशी पक्की करायची. भाईंनी एकदा मागं वळून बघितलं, फाटक हळूच ओढून घेतलं आणि माझ्याकडे वाकून विचारलं, “मॅडम, पाचवीचा फॉर्म कुठं भेटते?”

मी म्हटलं, मुक्त शाळेतून पाचवी करता येते असं ऐकलंय, उद्याच चौकशी करते.

“करा,” ते म्हणाले. “पण तिच्यासमोर नका सांगू.”