मुलगा, सूर्य नव्हे

दोन महिन्यांत इंग्रजी खिशात घालतो, असं मिक्सरकाकांनी मोठ्याने जाहीर केलं तेव्हा खोलीत दुसरं कोणी नव्हतं. त्यामुळे त्यांना अडवणारंही कोणी नव्हतं.

मिक्सरकाका म्हणजे गल्लीतले दुरुस्तीवाले. मिक्सर, इस्त्री, पंखा, शिलाई मशीन, काहीही न्या, नाही म्हणायचे नाहीत. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या दोन खोल्यांत घर. यंत्र त्यांच्या हातात आलं की शहाण्यासारखं वागायचं. इंग्रजीशी मात्र त्यांचं कधी जमलं नाही आणि जमवायची गरजही पडली नाही, कारण ते खातं काकूंकडे होतं. नवीन प्रकारचं मशीन आलं की काकू समोरच्या खुर्चीत बसून त्याचं माहितीपत्रक वाचायच्या, तिथल्या तिथे मराठीत सांगायच्या आणि काका स्क्रू फिरवायचे. मध्येच काकू म्हणायच्या, "थांबा, त्याच्या आधी दुसरं काहीतरी सोडवायचंय." काकांचा हात तसाच हवेत थांबायचा.

मागच्या वर्षी काकू गेल्या. माहितीपत्रकं येतच राहिली.

काकांना इंग्रजी अक्षरं लावता येत होती. एकेक अक्षर जोडून ते शब्द मोठ्याने म्हणायचे आणि कानाला जे ऐकू येईल त्यावर काम करायचे. घोटाळा झाला तो इथेच. कोपऱ्यावरच्या शिवणवाल्या बाईंच्या नव्या मशीनच्या पत्रकात ब्रेक सैल करा असं काहीसं होतं. आता इंग्रजीत थांबवायचा ब्रेक आणि मोडायचा ब्रेक ऐकायला अगदी जुळे भाऊ. काकांनी मोडायचा धरला आणि पक्कड लावली. बाई सभ्य होत्या. "राहू द्या काका," म्हणाल्या, "मला तरी थांबायला कुठे वेळ असतो."

पण ही बातमी शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणाऱ्या मुलापर्यंत पोचली. तो आधीपासूनच मागे लागला होता, की दुकान बंद करा आणि माझ्याकडे राहायला या, एक खोली रिकामी पडली आहे. आता त्याने फोनवर अट घातली. "बाबा, अशी आणखी एक गडबड कानावर आली, की दुकानाची किल्ली माझ्या ताब्यात. चालेल?"

काका "बरं" म्हणाले, कारण बरं म्हटल्याशिवाय मुलगा फोन ठेवत नाही. पण जायचं त्यांच्या मनात नव्हतं. इथे रिकाम्या खुर्चीकडे बघून "पुढे काय लिहिलंय गं?" असं तरी म्हणता यायचं. मुलाकडे कोणाला म्हणणार?

म्हणून हा इंग्रजीचा बेत. आणि पद्धतही कामातलीच. मशीन उघडण्याआधी काका प्रत्येक वायरीला चिठ्ठी बांधत, म्हणजे जोडताना चूक होत नाही. शब्दांचंही तसंच करायचं त्यांनी ठरवलं. जो शब्द डोक्यात बसत नाही तो वस्तूवर बसवायचा. ऐकायला सारखे शब्द जोडीने घ्यायचे. चिठ्ठीच्या दर्शनी बाजूला मराठी, मागे इंग्रजी. मराठी वाचायचं, इंग्रजी अक्षरं आठवायची, मग उलटून बघायचं. आठवड्याभरात घर चिठ्ठ्यांनी भरून गेलं. सांगितलं मात्र कोणालाही नाही. या वयात इंग्रजी शिकतोय म्हटल्यावर मुलगा हसला असता, आणि गल्लीने तर सुट्टी काढून हसून घेतलं असतं.

रविवारी सकाळी काका खानावळवाल्याचा पंखा बसवायला गेले आणि नेमके तेव्हाच मुलगा, सून आणि मावशी न सांगता येऊन उभे राहिले. मावशी म्हणजे काकूंची धाकटी बहीण, निवृत्त मुख्याध्यापिका. चार दिवस मुलाकडे राहायला आल्या होत्या आणि आता गावी परत निघाल्या होत्या. जाता जाता भाऊजींना भेटू म्हणाल्या. मुलाकडे घराची किल्ली होतीच. आत पाऊल टाकलं तर दारातच काकांची जुनी चप्पल उलटी ठेवलेली, आणि तिच्यावर चिठ्ठी: "तळ. आत्मा नव्हे."

मावशींनी ती दोनदा वाचली. "भाऊजींना वैराग्य आलंय का रे?"

पिठाच्या डब्यावर होतं, "पीठ. फूल नव्हे." कॅलेंडरवर, "आठवडा. अशक्त नव्हे." कंगव्याला दोऱ्याने बांधलं होतं, "केस. ससा नव्हे."

"ससा?" मुलगा म्हणाला. "घरात ससा कुठून आला?"

"तेच तर म्हणते मी," मावशींचा आवाज खाली गेला. "त्यांना दिसत असणार."

तेवढ्यात सुनेने हाक मारली. भिंतीवर मुलाचा पदवी घेतानाचा फोटो होता. त्याच्याखाली चिकटवलं होतं, "मुलगा. सूर्य नव्हे." मुलगा जवळच्या स्टुलावर बसला. त्या स्टुलाला एक पाय कमी होता, म्हणून लगेच उठलाही.

"बाबांना मी ओळखू येत नाही," तो म्हणाला.

"येतोस रे," सून त्याची पाठ थोपटत म्हणाली. "चिठ्ठी वाचली की येतोस."

मुलाने खिळ्यावरची दुकानाची किल्ली काढून खिशात टाकली आणि गल्लीतल्या डॉक्टरांना फोन लावला.

काका परत आले तेव्हा तिघं ओळीने उभी होती, फोटोला उभं राहावं तशी.

"भाऊजी," मावशी एकेक अक्षर तोडत, बहिऱ्याशी बोलावं तशा बोलल्या, "मी कोण?"

"तू? अजून तरी तूच दिसतेस," काका म्हणाले. मग त्यांचं लक्ष मुलाने काढून हातात धरलेल्या फोटोखालच्या चिठ्ठीकडे गेलं आणि ते समजले. पकडले गेलो. ही मंडळी आता परीक्षा घेणार. पण अभ्यास तर झालेला होता. त्यांनी शर्ट खाली ओढला आणि ताठ उभे राहिले. "असं होय. घ्या परीक्षा."

मावशींनी मुलाकडे बोट केलं. "हा कोण?"

"सन," काका म्हणाले.

"आणि ते खिडकीबाहेर तळपतंय ते?"

"तोही सनच."

"म्हणजे दोन्ही एकच?"

"ऐकायला एकच. पण आता माझी गल्लत होत नाही. रोज सकाळी आधी याच्याकडे बघतो, मग त्याच्याकडे. आठवडाभर एकदाही चुकलो नाही."

सुनेने तोंड फिरवलं. "हे इंग्रजीत का बोलतायत?" ती कुजबुजली.

"होतं असं," मावशी म्हणाल्या. "आमच्या शाळेचे जुने शिपाई शेवटी शेवटी नुसते पाढे म्हणायचे."

मुलगा काकांच्या जवळ गेला. "बाबा, तो ससा कुठे आहे?"

"ससा इथे कुठला?" काका हसले. "तो डोक्यातच ठेवलाय."

इतक्यात डॉक्टर आले. दाढी अर्धीच टाकून आले होते, एका गालावर साबण तसाच. त्यांनी काकांना खुर्चीत बसवून वार विचारला.

"रविवार. म्हणून तर तुम्ही घरी सापडलात."

"मी तीन शब्द सांगतो, ते लक्षात ठेवा. खुर्ची, घड्याळ, साबण. मागाहून विचारीन. आता सांगा, तुम्ही इथे एकटेच राहता?"

"हो. पुढे दुकान, आणि ही त्याची," म्हणत काकांनी खिळ्याकडे हात केला. खिळा रिकामा होता. "किल्ली कुठे गेली?"

"बघा डॉक्टर," मावशी म्हणाल्या. "कुठे ठेवली तेही आठवत नाही."

"मी इथेच ठेवली होती." काकांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. मुलाचा हात खिशात होता आणि तो जमिनीकडे बघत होता. ही इंग्रजीची परीक्षा नाही, हे काकांना तेव्हा समजलं.

"किल्ली न्यायला आलास होय," ते हळूच म्हणाले. "मग आधी चिठ्ठी उलटून तर बघ."

मुलाने चिठ्ठी उलटली आणि मागचं इंग्रजी वाचलं. भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं. मग कंगव्याची चिठ्ठी उलटली, पिठाची उलटली, चपलेचीही उलटली. सशाशी परत आला तेव्हा त्याला हसू फुटलं आणि आवरेना.

"हसशील म्हणूनच सांगितलं नव्हतं," काका म्हणाले.

"त्याला नाही हसत, बाबा. सुटलो म्हणून हसतोय." त्याने डोळे पुसले. "पण मला फोन करायचा ना. वाचून दाखवलं असतं."

"तुझ्या आईला मी शब्द विचारत नव्हतो रे. ती समोर बसायची." काकांनी चिठ्ठी पुन्हा कंगव्याला बांधायला घेतली. "आता बसायला कोणी नाही, तर निदान वाचता तरी यावं."

मुलाने किल्ली काढली आणि खिळ्याला लावली.

डॉक्टरांनी घसा साफ केला. "मघाचे तीन शब्द?"

"खुर्ची, घड्याळ, आणि तुमच्या गालावर आहे तो."

डॉक्टरांनी गाल पुसला. "डोकं ठणठणीत आहे. बरं, आमचा मिक्सर कधी देताय?"

"ते मात्र आठवत नाही," काका म्हणाले.

डॉक्टर गेले. काकांना वाटलं, जिंकलो. घर आपलं, दुकान आपलं. त्या खुशीत ते चहा टाकायला आत गेले आणि बाहेर येतात तो मावशी सगळ्या चिठ्ठ्या गोळा करून लाल पेनाने तपासत बसल्या होत्या. काकूंच्या खुर्चीत.

"भाऊजी, मेहनत आहे, पण शिस्त नाही," त्या म्हणाल्या. "असं सुटे शब्द पाठ करून इंग्रजी येत नसतं. पाया कच्चा आहे. मी थांबते."

"थांबतेस म्हणजे?"

"पक्कं होईपर्यंत. समोर बसायला कोणी नाही म्हणालात ना? मी बसते. निवृत्त झाल्यापासून शिकवायला माणूस मिळत नव्हता. पहाटे उठून व्याकरण, दुपारी शुद्धलेखन, आणि जेवताना मराठी बंद. मीठ हवं असेल तर पूर्ण वाक्यात मागायचं. बॅग गाडीतच आहे."

"अगं, पण तुला गावी जायचं होतं."

"गाव कुठे पळून जातंय?"

मुलगा उठला, कारण बॅग आणायला त्यालाच जावं लागणार होतं. काकाही त्याच्यामागून गाडीपर्यंत आले. मुलाने बॅग उतरवली. चांगली भरलेली होती. काकांनी एकदा मागे वळून दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

"काय रे," ते म्हणाले, "ती तुझ्याकडची खोली अजून रिकामी आहे का?"