नऊ नंबरला पाणी

माळेगावच्या रस्त्याला आमचं शेती संशोधन केंद्र आहे. तिथं पोस्टडॉकच्या, म्हणजे पीएचडीनंतर ठरावीक मुदतीवर घेतात त्या संशोधकाच्या, जागेसाठी दोन मुलाखती व्हायच्या. एक आत, साहेबलोकांपुढे. दुसरी फाटकावर, बिरूतात्यांपुढे. तात्या म्हणजे आमच्या वाफ्यांना पाणी देणारे, कळस गावचे.

आत विचारायचे, पेपर किती, इंग्रजी कसं, चार माणसांत जमवून घेता का. तात्या पाण्याचा तांब्या पुढे करून एकच विचारायचे, "सायेब, तुमचं शेवटचं कवा चुकलं?" ज्याला आठवत नसे तो बाद. न चुकणाऱ्यानं कामच केलेलं नसतं, असा त्यांचा हिशेब. मी खत जास्त घालून तीन महिन्यांची रोपं जाळल्याचं सांगितलं, तर गडी खूश. "मानूस कामाचा हाय."

तात्यांच्या बापजाद्यांनी मेंढरं राखली. मेंढरं गेली, पण आधी मुक्याला पाणी, मग आपल्याला, ही रीत राहिली. वाफे भिजल्याशिवाय तात्या चहाला तोंड लावत नसत. वाफ्यांशी बोलायचेही. "चार नंबर रुसलाय आज," असा अहवाल मला रोज मिळे.

आणि अशा माणसाकडे मी दुष्काळाचा प्रयोग सोपवला. धन्य माझी! नऊ नंबरच्या ज्वारीला महिनाभर थेंब द्यायचा नव्हता. तगते का, तेच बघायचं होतं. विसाव्या दिवशी सकाळी बघतो तर माती ओली. तात्या टोपी हातात धरून पुढ्यात उभे राहिले.

"मीच पाजलं. बगवंना. वहीत लिवा, बिरूनं पाजलं म्हनून."

लिहितो म्हणालो आणि लिहिलं नाही. माझ्या नेमणुकीची मुदत संपत आली होती, प्रयोग पुन्हा करायला हंगाम उरला नव्हता, आणि नऊ नंबरची ज्वारी मात्र झकास तगली होती. वाफा कोरडा होता, असंच अहवालात गेलं. मुदत वाढली. साहेबांनी पाठही थोपटली.

परवा तात्या निवृत्त झाले. शाल, नारळ, फोटो, सगळं झालं. मग माझ्या टेबलापाशी येऊन घुटमळले. त्यांना वहीतलं ते पान हवं होतं. मोबाईलवर फोटो काढून इंदापूरला दिलेल्या लेकीला दाखवायचा होता.

"तिला वाटतं, बाप जल्मभर नुसता पाटाकडं बघत बसला. माजं नाव कुठं लिवल्यालं असंल तर तितंच."

थाप मारायचं मनात आलं, पण जीभ रेटेना. "तात्या, मी लिहिलंच नाही," म्हणालो.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे विचारलं, "मग नऊ नंबर कसा जगला म्हनून लिवलं?"

"आपोआप."

तात्यांनी शाल काखेत मारली.

"लेकीला सांगतो, वही गावली न्हाय," ते म्हणाले. "तुमचं नाव न्हाय घेत."