मूससाठी एक माप मोठं

मूस या अजस्र हरणाच्या शिकारीला कोणत्या कॅलिबरची, म्हणजे किती जाड गोळीची, रायफल न्यायची, हा प्रश्न ओटावातल्या मिलिंदच्या घरी सहा आठवडे मुक्काम ठोकून होता. त्याचा मॅनेजर गॉर्डन दर ऑक्टोबरात ऑफिसातल्या चौघांना घेऊन जंगलात जाई, आणि पुढचा टीम लीड कोण हे म्हणे तिथल्या शेकोटीपाशीच ठरे. सहा वर्षांनी यंदा मिलिंदला बोलावणं आलं होतं. लायसन्स त्याने चार वर्षांपूर्वीच, नुसत्या आशेवर, काढून ठेवलं होतं.

त्याने रीतसर एक्सेल शीट केलं. गोळीचा वेग, बंदुकीचा धक्का, मूसचं सरासरी वजन.

"थ्री-ओ-एट पुरते असं सगळेच म्हणतायत ना?" त्याची बायको सुनेत्रा वैतागून म्हणाली. "घे आणि मोकळा हो."

"पुरते गं. पण जेमतेम पुरली तर?"

'जेमतेम' हा शब्द नागपूरहून आलेल्या त्याच्या सासऱ्यांच्या कानी पडला. विश्वनाथरावांनी जन्मात छऱ्याची बंदूकही धरली नव्हती, पण कुठलीही वस्तू एक माप मोठी घ्यायची या तत्त्वावर त्यांनी तीन मुलं वाढवली होती.

"केवढा असतो जी हा मूस?"

"पाचशे किलो, बाबा."

"मग थोडी मोठीच घ्या. कमी पडली तं दुसरी आणेपर्यंत तो थांबून राहील का?"

शीटमधल्या बेचाळीस ओळी या एका वाक्यापुढे फिक्या पडल्या. दुकानदाराने एक माप मोठ्या थ्री-थर्टी-एटच्या धक्क्याबद्दल दोनदा बजावलं. "सवय होते," विश्वनाथरावांनी परस्पर निकाल दिला.

शनिवारी रेंजवर मिलिंदने पहिली गोळी झाडली. कागदी मूसला काही झालं नाही. रायफलीवरची दुर्बीण मात्र मागे येऊन भुवईवर आदळली. चार टाके पडले, अगदी अर्धचंद्राकृती.

"तो मूस घाबरेल आता तुला," सुनेत्रा म्हणाली.

"हसू नकोस. गॉर्डनने हे पाहिलं की माझा पत्ता कट." मिलिंदच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते टाक्यांमुळे नव्हतं.

सोमवारी तो टोपी कपाळावर ओढून बसला. गॉर्डनने त्याला केबिनमध्ये बोलावलं.

"टोपी काढ."

त्याने काढली. गॉर्डनने नीट पाहिलं आणि स्वतःचे पांढरे केस वर सारले. भुवईवर तसाच अर्धचंद्र होता, फक्त जुना.

"थ्री-थर्टी-एट?"

"हो."

"माझीही तीच होती."

मिलिंदचा जीव भांड्यात पडला. सहा आठवड्यांचा प्रश्न अखेर जाणत्या माणसाला विचारता येणार होता. "मग आता कुठली नेतोस?"

गॉर्डनने दार लोटून घेतलं. "नऊ वर्षांत मी गोळी झाडलेली नाही. बाकीच्यांना हे ठाऊक नाही. पहाटे मी एकटा पुढे जातो आणि झाडाखाली झोपतो. यंदा तूही माझ्याबरोबर चल."

"आणि रायफल?"

"घरी ठेव. फक्त ती ठेवायची केस आण, चांगली लांब. माझ्या केसमध्ये उशी असते."