नागोजीरावांनी शोधलेली कांबळी

नागोजीराव ऑडिटला निघाले की त्यांच्या सायकलच्या हँडलला फिरकीचा तांब्या लटकत असे. ज्याचे हिशेब तपासायचे त्याच्या घरचं पाणीही प्यायचं नाही, हा त्यांचा नेम. पाणीच काय, टाचणी, पेन्सिल आणि टीपकागदसुद्धा स्वतःचा. एका सोसायटीत त्यांची खुर्ची डुगडुगत होती, म्हणून तिथल्या शिपायानं पायाखाली पुठ्ठ्याचा तुकडा सरकवला. यांनी तो काढून, झटकून त्याच्या हातात परत दिला आणि तीन दिवस डुगडुगत तपासणी केली. कुणी कॉफी आणलीच, तर कप हातात घेऊन एकदा वास घेत आणि परत करत. "वास चालतो," म्हणत. "वासाचं व्हौचर निघत नाही." आम्हा हाताखालच्यांना मात्र वासावर भागत नसे, त्यामुळे त्यांच्याबरोबर दौऱ्यावर जायला कुणी तयार नसे. मी नवा होतो, बेळगावकडून आलेला होतो आणि माझी ओळख कुणाशी नव्हती. म्हणून मला त्यांच्या गळ्यात बांधलं.

ते जुन्या बंगळूरचे. घराणं तीनशे वर्षांमागं कुठल्याशा फौजेबरोबर इकडं आलेलं. "जिंकलो की हरलो ते कुणाच्या ध्यानात नाही," असं ते सांगत, "पण परत जायचं राहिलं." त्यांच्या मराठीत कन्नड इतकं मुरलं होतं की पहिले पंधरा दिवस मी नुसती मान हलवत होतो. ऑफिसात सगळे त्यांना अण्णा म्हणत, मीही म्हणू लागलो. लग्न त्यांनी केलं नव्हतं. का, ते विचारायची कुणाची छाती झाली नाही.

त्यांचा एक प्रश्न ठरलेला असे. "बघितलंस की ऐकलंस?" साहेब आले असं सांगा, पगारवाढ होणार असं सांगा, समोरून हाच प्रश्न. मला मुलगा झाला तेव्हा मी ऑफिसात पेढे वाटले. अण्णांनी पेढा हातात धरला आणि विचारलं, "बघितलंस की ऐकलंस?" गावाहून तार आली, असं मी सांगितलं. "मग ऐकलंस. अभिनंदन स्वल्प थांबून करतो." पेढा त्यांनी खणात ठेवला. मी रजा काढून बेळगावला गेलो, पोराला डोळ्यांनी बघून आलो, तेव्हा कुठे त्यांनी तो दगडासारखा झालेला पेढा फोडून खाल्ला आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

अशा माणसाच्या हाती त्या मंडळाचे हिशेब आले.

मंडळाचं नाव मी लिहीत नाही. एक तर ते अजून चालू आहे, आणि दुसरं म्हणजे त्याच्या चिटणिसांचं आता फार वरपर्यंत चालतं. पैसा सरकारचा, नाव सेवेचं आणि माणसं पक्षाची, अशी एकूण मांडणी होती. अध्यक्षा मंत्र्यांची पत्नी. गोरगरिबांना कांबळी वाटायची, शिवणवर्ग चालवायचे, आरोग्याचा प्रचार करायचा, यासाठी दरसाल अनुदान मिळे. विधानसभेत विरोधकांनी आरडाओरडा केला तेव्हा सरकारनं छाती पुढे काढून सांगितलं, खुशाल तपासा. मग आमच्या साहेबांकडे निरोप आला की तपासणी जरा बेतानं व्हावी. साहेबांनी विचार केला, नागोजीराव निवृत्तीला आलेले, टाचण्या मोजण्यात वर्ष काढतील. माणसं ओळखण्यात आमच्या साहेबांचा हात कुणी धरला नसता.

चिटणीस चन्नप्पा गोड माणूस. पहिल्याच दिवशी त्यानं म्हैसूरपाकाचं ताट पुढं केलं. अण्णांनी वास घेतला आणि जीपची वही मागितली. निवडणुकीच्या महिन्यात मंडळाची जीप रोज बंगळूरलगतच्या हेब्बाळच्या तळ्यावर पूरपाहणीला गेली होती. त्या साली त्या तळ्यात म्हशी बसायला पाणी नव्हतं. पेट्रोल मात्र असं लागलं होतं, की हेब्बाळ धारवाडच्या पलीकडे असावं. मग छपाईचं बिल निघालं, आरोग्यपत्रकांचं. अण्णांनी पत्रक बघायला मागितलं. कपाटामागून एक गठ्ठा सापडला. त्यावर हात जोडलेले मंत्री होते, खाली पक्षाची निशाणी होती आणि आरोग्याचा एक शब्दही नव्हता.

"हे आरोग्याचं?" अण्णांनी विचारलं.

"हात बघा ना साहेब," चन्नप्पा म्हणाला. "किती स्वच्छ आहेत. लोकांनी हात स्वच्छ ठेवावेत, हाच संदेश."

अण्णांनी पत्रक डोळ्यांजवळ नेऊन ते हात नीट बघितले. "सरी, बरं," म्हणाले आणि हिरव्या शाईनं टिपून घेतलं: हात स्वच्छ आढळले, खर्च नामंजूर.

कांबळ्यांचा हिशेब तर अगदी सुरेख होता. सहाशे विधवा आणि निराधार बायका, प्रत्येकीचं नाव, पत्ता, वय आणि पुढे अंगठा. दुसरा कुणीही बेरीज पडताळून सही ठोकून मोकळा झाला असता. अण्णांनी यादी सायकलला अडकवली. त्यानंतरचे दोन महिने आम्ही दोघं बंगळूरभर दारं ठोठावत हिंडलो. "अक्का, मंडळाचं कांबळं मिळालं काय? दाखव बघू." बायका घाबरून आत जात, काही जणी भांडायला बाहेर येत. पत्त्यावर कुठे लाकडाची वखार निघाली, कुठे नुसतं बाभळीचं रान. नावं खरी होती, पण त्यातल्या कितीतरी जणी वर्षापूर्वीच वारलेल्या होत्या. हेब्बाळला एका म्हातारीला मात्र कांबळं खरंच मिळालं होतं. ती म्हणाली, "दिलं, फोटू काढला, नि परत नेलं. पुढल्या गल्लीत फोटू काढायचा होता ना."

मी हसलो. अण्णा हसले नाहीत. त्यांनी म्हातारीला विचारलं, थंडीत काय पांघरतेस? तिनं आतून पोतं आणून दाखवलं. अण्णांनी बघितलं आणि पोत्याची लांबी-रुंदी लिहून घेतली.

जयनगरची पानं शेवटी राहिली होती. अण्णांचं स्वतःचं घर तिथलंच, नव्या वसाहतीतलं दोन खोल्यांचं. ऑफिसात बसून मी नावं वाचत होतो, ते पत्ते उतरवत होते. "तुळजाबाई, विधवा, वय बहात्तर, कांबळं एक," मी वाचलं, आणि पुढचा पत्ता वाचता वाचता मला ओळखीचा वाटला. वर बघितलं तर अण्णांचा टाक थांबलेला.

"अम्मा," ते म्हणाले. मग वही ओढून घेऊन त्यांनी बराच वेळ त्या अंगठ्याकडे बघितलं. "अम्मा सही करायची रे. मोडीत करायची, वळणदार. हा अंगठा कुणाचा?"

त्यांच्या आईला जाऊन दोन वर्षं झाली होती. कांबळं दिल्याची तारीख गेल्या थंडीतली. मी म्हणालो, "अण्णा, एवढी एक ओळ वगळू या. आपल्या घरचं नाव कशाला मध्ये?"

"घरचं म्हणून वगळू, मग दारोदार कशाला हिंडलो?" त्यांनी ती ओळही इतर ओळींसारखीच लिहिली. नाव, पत्ता, मृत, अंगठा बनावट.

अहवाल गेला आणि गहजब झाला. वर्तमानपत्रांनी पहिल्या पानावर घेतलं, मंत्र्यांच्या पत्नी आजारी पडल्या, आमचे साहेब लांब रजेवर गेले. सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. मला वाटलं, आता मंडळ बुडालं. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या नोकरीचा अभिमान वाटला, हे कबूल करतो.

समितीपुढं चन्नप्पानं बाकी कशालाच हात घातला नाही. ना जीप, ना पत्रकं, ना उरलेली नावं. त्यानं एकच कागद काढला. रेशन ऑफिसातला अर्ज होता तो. तिथं त्याचा मेहुणा होता. विधवांची यादी तरी आणखी कुठून आली असणार? अर्ज त्याच वर्षीचा, कार्ड नवं करून मागण्याचा. घरातली माणसं: दोन. नागोजीराव आणि तुळजाबाई. खाली सही नागोजीरावांची.

"सही तुमची?" समितीच्या अध्यक्षांनी विचारलं.

"हौदू. माझी."

"आई हयात आहेत?"

"नाही."

"म्हणजे सरकारला तुम्ही खोटं लिहून दिलंत. वारलेल्या बाईच्या नावावर साखर-तांदूळ उचललात?"

"उचललं नाही."

"मग कार्ड दाखवा. त्यावर दुकानदाराच्या खुणा असतील, लगेच कळेल."

अण्णांनी खाली बघितलं. "कार्ड दाखवणार नाही," म्हणाले.

मी मागच्या बाकावर होतो. उठून ओरडावंसं वाटलं, की हा माणूस पुठ्ठ्याचा तुकडा परत करतो, तो मेलेल्या आईची साखर खाणार नाही. उठलो नाही. माझी नोकरी कायम व्हायची होती. इतरांच्या भेकडपणाबद्दल मी इथं बरंच लिहिलं आहे, तेव्हा हेही लिहिलेलं बरं.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात मथळा आला: तपासनीसच लबाड. अहवाल 'विश्वासार्ह नाही' म्हणून बाजूला ठेवला गेला. अण्णांना मुदतीआधीच घरी पाठवलं. मंडळाला त्या वर्षी वाढीव अनुदान मिळालं, झालेल्या बदनामीची भरपाई म्हणून, आणि चन्नप्पा पुढं विधान परिषदेत गेला. साधनशुचितेवर तो फार छान बोलतो, असं ऐकतो.

मला अण्णांचा भयंकर राग आला होता. शेकडो खोट्या अंगठ्यांचं पाप या माणसानं एका कार्डापायी धुऊन दिलं. त्या हेब्बाळच्या म्हातारीला मी काय सांगू? हे सगळं तोंडावर बोलायचं ठरवून एका शनिवारी दुपारी मी त्यांच्या घरी गेलो.

ते दाराशीच बसले होते. मी उभ्याउभ्याच बोलायला लागलो. बरंच बोललो, नको तेही बोललो. त्यांनी ऐकून घेतलं. मग आत जाऊन एक पत्र्याचा डबा आणला आणि कार्ड काढून माझ्या हातात दिलं.

अण्णांच्या रकान्यात दर आठवड्याची खूण होती. तुळजाबाईंचा रकाना पहिल्यापासून शेवटपर्यंत कोरा होता. एक दाणा उचललेला नव्हता.

"दुकानदार विचारतो, दोघांचं देऊ काय? मी म्हणतो, एकाचंच दे, अम्मा गावाला गेलीय."

"अण्णा, एवढं दाखवलं असतं तर त्याच दिवशी सुटला असता. चन्नप्पा तुरुंगात गेला असता."

"गोत्तु, गोत्तु. ठाऊक आहे रे मला." ते कार्डाकडे बघत होते. "पण दाखवलं की नाव कापणार. अर्ज भरायला बसलो तेव्हा लिहिणार होतो, माणसं एक. तीनदा टाक बुडवला. हात चालेना. जन्मभर दुसऱ्यांची नावं कापली. या घरात दोघं राहतो, असं सांगणारा हा एवढाच कागद राहिलाय."

मला त्यांचा राग येतच होता, अजूनही येतो. पण त्या कार्डाला माझे हात लागलेत याचीच मला लाज वाटू लागली.

तेवढ्यात फाटक वाजलं. रेशनचा इन्स्पेक्टर होता, समितीच्या हुकमावरून आलेला. बिचारा अवघडला होता. कार्ड मागताना त्यानं दोनदा सॉरी म्हटलं. अण्णांनी माझ्या हातून कार्ड घेतलं आणि त्याला दिलं. त्यानं कट्ट्यावर बसून पट्टी लावली, लाल शाईचं पेन उघडलं.

अण्णा त्याच्याजवळ वाकले. मंत्र्याच्या मंडळासमोर न वाकलेला हा माणूस त्या इन्स्पेक्टरला अगदी हळू म्हणाला, "अप्पा, रेघ स्वल्प हलकी मार. खालचं नाव वाचता येऊ दे."